पिंजऱ्यातला न संपणारा पावसाळा

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात पोपटवर्गीय पक्ष्यांविषयी लिहिताना फिंचचा केवळ ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर बडोद्याहून एवढी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. बडोद्याच्या घरांत ‘फिंच’ म्हणून जे पाळले जातात ते बहुतेक झेब्रा फिंच असतात, काही ठिकाणी बेंगलीज फिंच आणि क्वचित जावा चिमण्या. हे तिन्ही आपल्या मुनियांचे नातेवाईक आहेत, युरोपातल्या खऱ्या फिंचचे नव्हेत, आणि त्यांची काळजी घेताना मुनियांचे नाते डोळ्यांपुढे ठेवलेले बरे.

प्रश्न : आमच्याकडे झेब्रा फिंचची दीड वर्षाची जोडी आहे. दिवाळीपासून मादीने चार वेळा अंडी घातली. पहिल्या खेपेला पाच पिल्ले झाली, नंतर तीन, मग एकच. आता सहा अंडी आहेत, पण एकही फुटलेले नाही. नर दिवसभर घरट्यात काथ्या आणि कागदाचे तुकडे नेत असतो, त्याखाली मागची दोन अंडी गाडली गेली. मादी अलीकडे पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते. राळे, उकडलेले अंडे, भिजवलेले धान्य, कोथिंबीर, सर्व काही रोज देतो. कुठे चुकते आहे? (एक वाचक-भगिनी, दांडिया बाजार)

उत्तर : तळाशी बसलेल्या मादीविषयी संपादकांमार्फत आपल्याला निरोप पाठवलाच आहे, कारण अशा बाबतीत मासिकाची वाट पाहणे परवडत नाही. तरी इतरांसाठी लिहितो. अंडी घालण्याच्या दिवसांत मादी पिसे फुगवून, शेपटी खालीवर हलवत, जोर काढत तळाशी बसली असेल, तर अंडे अडकले आहे असे धरून चालावे. तिला लहान खोक्यात किंवा पिंजऱ्यात वेगळे ठेवावे आणि एका बाजूने बल्बची ऊब द्यावी. ऊब साधारण तीस अंशांच्या आसपास असावी आणि तिला नको वाटल्यास दुसऱ्या बाजूला सरकता यावे. पाणी जवळ ठेवावे आणि त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये. अंडे आत फुटले तर मादी सहसा वाचत नाही.

आता मूळ प्रश्न. आपल्या खाऊ घालण्यात काही कमी नाही. ते कधी थांबतच नाही, हीच अडचण आहे. झेब्रा फिंचचा मूळ मुलूख ऑस्ट्रेलियाचा कोरडा अंतर्भाग. तिथे पाऊस कोणत्या महिन्यात पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून हा पक्षी आपल्याकडच्या पाखरांसारखा एखाद्या ठराविक हंगामाची वाट पाहत बसत नाही. पाऊस झाला, गवताला कोवळे दाणे धरले, की लगेच घरटे. त्यासाठी त्याचे शरीर सदैव तयार असते. तीन महिन्यांचे पाखरूही विणीस लागू शकते. आपल्या पिंजऱ्यात रोज भरलेले पाणी आहे, कोवळ्या दाण्यांच्या जागी भिजवलेले धान्य आहे, वर उकडलेले अंडे आहे आणि घरटे तर टांगलेलेच आहे. त्या जोडीच्या दृष्टीने दिवाळीपासून पावसाळा सुरू आहे आणि तो संपायचे नाव घेत नाही. रानात तो दुष्काळाने संपला असता. इथे तो तुम्हालाच संपवावा लागेल.

मादीवर याचा किती ताण पडतो ते पाहा. तिचे वजन जेमतेम बारा-तेरा ग्रॅम आणि एका अंड्याचे सुमारे एक ग्रॅम. रोज एक या हिशेबाने सहा अंडी घातली म्हणजे आठवड्याभरात तिने स्वतःच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा ऐवज शरीराबाहेर टाकला. कवचासाठी लागणारे कॅल्शियम खाण्यातून पुरले नाही तर ते हाडांतून काढले जाते. आपल्या पत्रातले पाच, तीन, एक, शून्य हे आकडे त्याच थकव्याची चढती भाजणी सांगत आहेत.

मादी सावरली की घरटे काढायचे आहे, पण अंडी एकेक करून उचलू नका. अंडी नाहीशी झाली तर ती भरपाई म्हणून पुन्हा घालू लागते. ती स्वतःहून बसायचे सोडेपर्यंत अंडी राहू द्यावीत आणि मग घरटे, काथ्या, कागद, सर्व एकदम बाहेर काढावे. त्यानंतर तीन-चार महिने उकडलेले अंडे आणि भिजवलेले धान्य बंद. कोरडे राळे, थोडी वरई, नाचणी, आठवड्यातून दोन-तीनदा हिरवा पाला आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा एवढे पुरे. संध्याकाळी दिवाणखान्यातला दिवा उशिरापर्यंत जळत असेल तर पिंजरा दुसरीकडे हलवावा, कारण दिवस लांबला की तोही विणीचा इशारा ठरतो. एवढे करूनही काही माद्या धान्याच्या वाटीत अंडी घालतात. तसे झाल्यास नराला शेजारच्या पिंजऱ्यात ठेवावे. दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू येईल इतके जवळच, कारण ही जोडी आयुष्यभराची असते आणि नजरेआड व आवाजाआडही झालेला नर दिवसभर हाका मारत बसतो. वर्षाकाठी दोन विणी पुष्कळ झाल्या. तीन म्हणजे शिकस्त.

अंडी गाडली जाण्याचे कारण नराचा स्वभाव. सामान आणणे हे त्याचे काम, आणि समोर सामान दिसते तोवर तो ते आणतच राहतो. तिसरे अंडे दिसले की पिंजऱ्यातला उरलासुरला काथ्या काढून घ्यावा. सामानात दोरा, कापूस, केस कधीच नसावेत; पायाला दोऱ्याचा वेढा बसून बोट गमावलेली पाखरे मी पुरेशी पाहिली आहेत.

दोन गोष्टी पत्रात नाहीत म्हणून विचारतो. जोडी एकाच दुकानातून, एकाच पिंजऱ्यातून घेतली होती का? तशी असल्यास ती भावंडे असण्याचा संभव बराच असतो आणि मग न फुटणाऱ्या अंड्यांचे एक कारण तेही असू शकते. दुसरे म्हणजे पिंजऱ्यावर ऊन येते का? जुन्या बडोद्यातल्या घरांच्या मधल्या खोल्या अंधाऱ्या असतात. समुद्रफेस कितीही दिला तरी त्यातले कॅल्शियम अंगी लागण्यासाठी जीवनसत्त्व ड लागते, आणि ते उन्हातून मिळते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन त्या कामाचे नाही. सकाळचा अर्धा तास गॅलरीत, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून, हा सोपा उपाय आहे.

प्रश्न : पुण्याला लग्नाला दोन दिवस जायचे आहे. वाटी काठोकाठ भरून ठेवली तर चालेल ना? (एक वाचक, वाडी)

उत्तर : नाही. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे रिकामी होत आलेली वाटीही वरून भरलेली दिसते. पहिली जोडी आणली त्या वर्षी मीही दीड दिवस बाहेरगावी गेलो होतो. परतलो तेव्हा वाटी भरलेली होती आणि दोन्ही पाखरे तळाशी मरून पडली होती. वाटीवर फुंकर मारली तर सगळी टरफले उडाली आणि खाली पत्र्याचा तळ दिसला. एवढ्या लहान देहाच्या पक्ष्याला एक दिवसाचा उपासही झेपत नाही. शेजाऱ्यांना किल्ली द्या, आणि वाटी ‘भरलेली आहे का’ हे न पाहता तिच्यावर रोज सकाळी फुंकर मारायला सांगा. पाण्याची भांडी दोन ठेवा.

प्रश्न : आमची झेब्रा जोडी पिल्ले फुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती घरट्याबाहेर टाकते. घरात बेंगलीज फिंचचीही जोडी आहे. त्यांच्याखाली अंडी ठेवावीत असे एका मित्राने सुचवले. ठेवावीत का? (एक वाचक, अलकापुरी)

उत्तर : ठेवता येतील, पण तो शेवटचा उपाय मानावा. पहिलटकर जोड्या एखाद-दोन विणी अशाच वाया घालवतात आणि नंतर नीट शिकतात. त्याखेरीज कारणे पाहावीत. पिल्ले फुटल्यानंतर मऊ खाणे अचानक सुरू केले तर आईबापांना ते अन्न म्हणून ओळखताच येत नाही. उकडलेले अंडे कवचासकट कुस्करून अंडी फुटायच्या चार-पाच दिवस आधीपासून थोडे थोडे द्यावे. घरट्यात दिवसातून दहा वेळा डोकावणे, पिंजरा हलवणे, मुलांनी मोबाइलचा दिवा आत मारणे, हीही पिल्ले टाकली जाण्याची नेहमीची कारणे. अंडी सफल आहेत की नाहीत एवढे पाहायचे असेल तर सहाव्या-सातव्या दिवशी एकदाच, आईबाप बाहेर असताना, लहान टॉर्चवर अंडे धरावे. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसते. जोडीबरोबर त्या पिंजऱ्यात आणखी कोणी पक्षी असेल तर त्याला आधी हलवा, कारण पुष्कळदा दोष आईबापांचा नसून शेजाऱ्याचा असतो.

बेंगलीज हा रानात कुठेच न आढळणारा पक्षी. चीनमधून आणलेल्या पांढऱ्या पाठीच्या मुनियांपासून जपानात तो पिंजऱ्यातच घडवला गेला, आणि या पाळीव पिढ्यांत शांतपणे अंड्यांवर बसण्याचा गुण इतका पक्का झाला की दुसऱ्याची पिल्लेही तो आपली म्हणून वाढवतो. मात्र दोन्ही जोड्यांनी अंडी घालण्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नसावा.

या दत्तकविधीची एक किंमत आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. झेब्रा फिंचचा नर आपले गाणे जन्मतः घेऊन येत नाही. घरट्याबाहेर पडल्यानंतर, साधारण पंचविसाव्या दिवसापासून तीन महिन्यांचा होईपर्यंत, तो ते बापाकडून शिकतो. बेंगलीजच्या घरात वाढलेला झेब्रा बेंगलीजचे गाणे उचलतो, आणि मोठेपणी आपल्या जातीची मादी सोडून बेंगलीज मादीसमोरच नाचू लागतो. म्हणून दत्तक पिल्ले स्वतः दाणे टिपू लागली, म्हणजे पाच-सहा आठवड्यांची झाली, की ती मोठ्या झेब्रांच्या सोबतीला न्यावीत. वाण टिकवायचा आहे म्हणून सर्रास अंडी उचलणाऱ्यांच्या घरी शेवटी पिल्ले वाढवताच न येणारी झेब्रा पाखरे उरतात.

प्रश्न : पिंजरा उंच असावा की लांब? स्वयंपाकघरात ठेवला तर चालेल का? (एक वाचक-भगिनी, मांजलपूर)

उत्तर : लांब. पोपट चढतो, फिंच आडवा उडतो. एका जोडीला तीन फूट लांबी मिळावी आणि दोन टोकांना एकेक दांडी, मध्ये मोकळे. गज एक सेंटिमीटरपेक्षा विरळ नकोत. एका पिंजऱ्यात एक जोडी ठेवावी किंवा तीन. दोन जोड्यांत भांडणे जुंपतात. स्वयंपाकघर सर्वथा वर्ज्य. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतात. डासांची अगरबत्ती आणि धूप हेही त्या खोलीत नकोत.

प्रश्न : बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडे हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांच्या लहान मुनिया पाहिल्या. ‘परदेशी आहेत’ असे त्याने सांगितले. मुलगी हट्ट धरून बसली आहे. घ्याव्यात का? (एक वाचक, मांडवी)

उत्तर : घेऊ नयेत. तशा बटबटीत रंगांचा पक्षी फिरत्या विक्रेत्याकडे स्वस्तात मिळत असेल, तर तो बहुधा आपल्याच शेतातून जाळ्यात धरलेला आणि रंगात बुडवलेला मुनिया असतो. चोचीच्या मुळाशी आणि पायांवर लागलेला रंग, एकमेकांना चिकटलेली पिसे, आणि अंगभर एकाच छटेचा रंग, या खुणा पाहाव्यात. त्यातले बरेचसे पक्षी आठवडाभरात मरतात. जे जगतात ते पुढची पिसे बदलली की तपकिरी निघतात.

कायद्याचेही ऐका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतातल्या सर्व मुनिया संरक्षित आहेत. त्या धरणे, विकणे आणि विकत घेणे हा गुन्हा आहे. ‘मी फक्त घेतले’ ही सबब चालत नाही. खरी हिरवी मुनिया तर केवळ भारतातच, तीही मध्य व पश्चिम भारतातल्या मोजक्या जागी आढळते. गुजरातच्या सीमेलगत अबूच्या डोंगरात ती आहे, आणि तिची संख्या घटण्यामागे पिंजऱ्यांसाठी होणारी धरपकड हे एक ठळक कारण आहे.

लाल मुनियेची गोष्ट गुजरातेत राहणाऱ्याला ठाऊक असावी. हिचे शास्त्रीय नाव ‘अमंडावा’, आणि इंग्रजीत जुने नाव ‘अवडवट’. ही दोन्ही अहमदाबाद या नावाची बिघडलेली रूपे आहेत. त्या शहरातून हे पक्षी पिंजऱ्यांत भरून युरोपात जात, आणि स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली नाव देताना तोच शब्द वापरला. म्हणजे आपल्या शेजारच्या शहराचे नाव या पक्ष्याला मिळाले ते त्याच्या विक्रीमुळे. मुलीला ही गोष्ट सांगा, आणि पावसाळ्यात एखाद्या रविवारी शहराबाहेरच्या ओल्या गवताळ जागी न्या. लाल मुनियेचा नर विणीच्या रंगात असतो तो त्याच दिवसांत. पाळायचेच असेल तर घरी विणलेली झेब्रा जोडी एखाद्या पाळणाऱ्याकडून घ्यावी.

प्रश्न : चैत्र लागताच आमच्या गच्चीवरच्या खोलीत भट्टी पेटते. गेल्या मे महिन्यात घरट्यातच तीन पिल्ले दगावली. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, गच्चीवरच्या लाउडस्पीकरांनीही पक्षी रात्रभर धडपडत होते. काय करावे? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : बडोद्याचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो आणि पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत त्याहून वर. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून पक्षी धापा टाकू लागला की तो संकटात आहे. त्याला तळमजल्यावर हलवावे, वाळ्याचा ओला पडदा एका बाजूने लावून दुसरी बाजू वाऱ्याला मोकळी ठेवावी, उथळ बशीत अंघोळीचे पाणी सकाळ-दुपार बदलून द्यावे. कूलरचा झोत थेट अंगावर नको.

पण मुख्य उपाय हा की मे महिन्यात घरट्यात पिल्ले असूच नयेत. ऑस्ट्रेलियात मात्र हा पक्षी उन्हाळ्यातही वितो, आणि त्याची त्याने एक विलक्षण सोय केलेली आहे. उबवणीच्या शेवटच्या दिवसांत हवा सव्वीस अंशांवर गेली की आईबाप अंड्यांशी एका खास आवाजात बोलतात आणि तो ऐकलेली पिल्ले पुढे उष्ण घरट्यात अंगाने लहान राहतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या संशोधनात दिसून आले. मात्र निसर्गाने केलेली ही सोय स्लॅबखालच्या भट्टीसाठी नाही.

आपल्या शहराचे वर्ष समोर मांडून पाहा. एप्रिल ते जून उष्मा. पावसाळ्यात दमटपणा, धान्याला बुरशी. नवरात्रात नऊ रात्री गरबा, पाठोपाठ दिवाळीचे फटाके. उरतात नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचे चार महिने. अंडी घालणे, बारा ते चौदा दिवसांची उबवणी, घरट्यातले तीन आठवडे आणि बाहेर आल्यावर आईबापांनी भरवण्याचे दोन आठवडे धरले, तर एक वीण सुमारे दोन महिन्यांची होते. म्हणजे दोन विणी नेमक्या बसतात, आणि पहिल्या विणीची पिल्ले उत्तरायणापर्यंत आपले आपण खाऊ लागलेली असतात. त्या दोन दिवसांत पिंजरा गच्चीवरून खाली, आतल्या खोलीत, तीन बाजूंनी झाकून ठेवावा आणि रात्री झिरोचा दिवा लावून ठेवावा; अंधारात दचकलेला फिंच गजांवर आपटतो, उजेड असल्यास दांडी शोधून परत बसतो.

प्रश्न : माझ्या वडिलांचे गेल्या महिन्यात निधन झाले. त्यांच्या मागे चार झेब्रा फिंच आणि चार जावा चिमण्या आहेत. आम्हा दोघांच्या नोकऱ्यांमुळे त्यांची देखभाल होत नाही. त्यांना कमाटी बागेत मोकळे सोडले तर वडिलांच्या आत्म्याला बरे वाटेल असे आई म्हणते. वडील रोजची नोंद एका वहीत ठेवत, ती आमच्याकडे आहे. (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : आपल्या दुःखात सहभागी आहे. आईंची भावना समजते, पण तसे करू नये. पिढ्यान्‌पिढ्या वाटीतले धान्य खाल्लेल्या या पाखरांना कमाटी बागेत दाणा कुठे शोधायचा हे माहीत नाही, आणि तिथले कावळे व शिक्रा त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवणार नाहीत. ज्या परदेशांत जावा चिमण्या सुटून तगल्या, जसे हवाई बेटांवर, तिथे त्या आता थव्यांनी आहेत, तर आपल्या मूळच्या जावा आणि बाली बेटांवर पिंजऱ्यांसाठी धरून धरून त्या धोक्यात आल्या आहेत. पक्ष्याला सोडण्याने आणि धरण्याने काय होते याचा असा उलटा हिशेब दुसऱ्या कोणत्या पक्ष्याने दाखवला असेल असे वाटत नाही.

जावा चिमणी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आणि २०२४च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते, आणि मालकी बदलली किंवा पिल्ले झाली तरी कळवावे लागते. वडिलांनी नोंदणी केली होती का ते कागदांत शोधा. नसल्यास पक्षी कोणाला देण्यापूर्वी वन विभागाच्या बडोद्यातील कार्यालयात जाऊन पुढची रीत विचारून घ्या. झेब्रा त्या यादीत नाहीत, ते लगेच देता येतील.

देताना दुकानात देऊ नका, स्वतः पक्षी पाळणाऱ्याला द्या, आणि जोड्या फोडू नका. कोण कोणाची जोडी हे वडिलांच्या वहीत असेल. कोणती पिल्ले कोणत्या जोडीची, मादीने शेवटची अंडी कधी घातली, कोणाला कशाचे औषध दिले, हेही त्यातच असेल, आणि नव्या घरी भावंडांची जोडी चुकून लावली जाऊ नये यासाठी त्या नोंदींइतकी उपयोगाची गोष्ट दुसरी नाही. वही आपल्याकडे ठेवावीशी वाटणे साहजिक आहे. तिची झेरॉक्स काढून पक्ष्यांबरोबर द्या.